डीजेवाला, लग्नाचं प्रदर्शन आणि माझी ‘उदंड प्रतिसाद’ची बातमी

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता वसईत एका हॉलमध्ये दोन दिवसांचं लग्नाचं प्रदर्शन भरलं होतं. हल्ली वेडिंग एक्स्पो म्हणतात. त्याची बातमी मीच केली होती. मथळा ‘नागरिकांचा उदंड प्रतिसाद’. ही बातमी मी शनिवारी दुपारी साडेतीनला पाठवली, तेव्हा हॉलमध्ये गिऱ्हाइकांपेक्षा स्टॉलवाले जास्त होते. प्रेस नोट आयोजकांची, फोटो आयोजकांचे आणि पेपरातली पाव पानाची जाहिरातही आयोजकांचीच. आमच्या धंद्यात हे चालतं. चालू नये, पण चालतं.

आज त्याबद्दल लिहायचं कारण असं, की त्या प्रदर्शनात माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा डीजेचा स्टॉल लावून बसला होता. आणि आता यंदाच्या प्रदर्शनाचा मेसेज आलाय. भाडं वाढलंय. परवा रात्री भाचा घरी आला, चहा पिता पिता म्हणाला, “मामा, यंदा घेऊ का स्टॉल? तूच सांग. तूच लिहिलं होतंस ना उदंड प्रतिसाद.”

आता बोला.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की भाचा डीजेवाला म्हणून मामा डीजेची वकिली करतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत डीजेविरुद्ध मी बऱ्याच बातम्या लिहिल्यात. ‘डीजेचा दणदणाट’, ‘डीजेचा धिंगाणा’, ‘कानठळ्या बसवणारा’ हे शब्द माझ्या बोटांना पाठ आहेत. माझी आई नालासोपाऱ्यात मेन रोडला लागून असलेल्या बिल्डिंगमध्ये राहते. वरात खालून गेली की तिच्या शोकेसच्या काचा थरथरतात आणि ती मला फोन करते, “तुझा भाचा आहे का रे खाली?” तो नसतो, पण फोन मलाच येतो.

तेव्हा आवाजाचा त्रास मला शिकवू नका. पण प्रदर्शनात मी दोन्ही दिवस भाच्याच्या स्टॉलवर बसलो. शनिवारी बातमीसाठी म्हणून, रविवारी त्याचा एक पोरगा आला नाही म्हणून. तिथे जे बघितलं ते बातमीत नव्हतं.

खर्च आधी सांगतो, कारण हा आकडा कुठल्याही प्रेस नोटमध्ये नसतो. दहा बाय दहाच्या स्टॉलचं भाडं २२ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी ३ हजार ९६०. दोन लाइट पॉइंटचे वेगळे दीड हजार. बॅनर २ हजार ४००, पत्रकं आणि कार्डं १ हजार ८००. छोटा हत्ती जाऊन-येऊन ३ हजार. दोन पोरांची दोन दिवसांची हजेरी ३ हजार २००. चहा-नाश्ता-पाणी ११४०. बेरीज केली तर बरोबर ३९ हजार. भाच्याची वही आहे, मी तपासली.

एवढे पैसे भरून पोरगा शनिवारी सकाळी पोचतो तर काय, त्याच रांगेत अजून दोन डीजे. समोरच्या रांगेत दोन. साठेक स्टॉलमध्ये पाच डीजे. बुकिंग घेताना प्रत्येकाला सांगितलेलं, “तुमच्या लाइनमध्ये फार कोणी नाहीये.” मेकअपवाल्या तर अकरा होत्या, त्यातल्या एकीला स्वच्छतागृहाच्या बोळात जागा मिळाली होती, तिचं दुःख वेगळंच.

पाच डीजे एका छपराखाली आले की काय होणार ते होणार. अकरा वाजता एकाने लावलं. त्याचं ऐकू येतं म्हणून दुसऱ्याने वाढवलं. तिसऱ्याने बेस आणला होता, त्याने तो दाखवला. साडेअकराला केटररचा माणूस भांडायला आला, कारण त्याच्या स्टॉलवर येणाऱ्याला पनीर की मशरूम हेसुद्धा विचारता येत नव्हतं. बाराला आयोजकांनी माइकवरून जाहीर केलं की सर्व साउंडवाल्यांनी आवाज पूर्ण बंद ठेवावा. झालं. म्हणजे डीजेवाल्याने २६ हजार भरून यायचं आणि मुक्याने बसायचं. मिठाईवाल्याला सांगा की स्टॉल लाव पण पेढा दाखवू नको.

नियम म्हणून आयोजकांचं चूक नव्हतं. पण हा नियम पैसे घेण्याआधी सांगायचा की नंतर?

तिथे एक गोष्ट मला भाच्याकडून कळली नाही, मीच नंतर वाचून काढली, आणि ती प्रत्येक डीजेवाल्याने समजून घेण्यासारखी आहे. लग्नात गाणी वाजवायला रॉयल्टी लागते का, हा वाद तुम्ही ऐकला असेल. कॉपीराइट कायदा १९५७, त्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. धार्मिक विधी, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभ धरलेत. केंद्र सरकारच्या उद्योग खात्याने २४ जुलै २०२३ ला नोटीस काढून हेच पुन्हा सांगितलं. पुढे गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ ला तसं परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. का, तर कायद्याचा अर्थ परिपत्रक काढून सांगणं हे सरकारचं काम नाही. कलम मात्र कायद्यात आहे तिथेच आहे. पण बघा, ही सूट आहे लग्नाला. प्रदर्शन हे लग्न नव्हे, तो धंद्याचा कार्यक्रम. म्हणजे जे गाणं हळदीत वाजवायला कायदा आड येत नाही, तेच गाणं हळदीची सुपारी मिळवण्यासाठी स्टॉलवर वाजवलं तर ती सूट सांगता येणार नाही. पाचही स्टॉलवर हे कोणाला ठाऊक नव्हतं. आयोजकांना ठाऊक होतं का, ते त्यांनाच माहीत. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात ‘संगीत परवान्याची जबाबदारी स्टॉलधारकाची’ असं एक वाक्य मात्र होतं.

असो. तर आवाज बंद. भाचा तासभर तोंड पाडून बसला. मग त्याने टेम्पोतून तीन हेडफोन काढून आणले, मिक्सरला लावले आणि टेबलावर ठेवले. त्यानंतर जे झालं ते खरं मला सांगायचंय.

दुपारी चारच्या सुमारास गासच्या बाजूचं एक ख्रिस्ती कुटुंब आलं. नवरी मुलगी, तिची आई आणि आजी. मुलीने हेडफोन लावला, मान हलवली. मग आजीने मागितला. आजीने दोन मिनिटं ऐकलं आणि काढून विचारलं, “बाबा, हे कमी करता येतं का?” भाचा म्हणाला, “येतं की आजी.” आजी म्हणाली, “नाही, इथे नाही. हॉलमध्ये. मागच्या लग्नात मी माझ्या बहिणीशी एक शब्द बोलू शकले नाही. सहा महिन्यांनी भेटलेली.”

रविवारी सकाळी एक आगरी बाई आल्या, सोबत जाऊबाई. मुलाची हळद होती. त्यांनी रेट नंतर विचारला. आधी विचारलं, “आमच्याकडे धवलारीण येते. ती धवला म्हणेल तेव्हा तुमचं बंद राहील ना? मागल्या लग्नात पोरांनी बंदच केलं नाही, ती बिचारी तशीच उठून गेली.” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धवला म्हणजे आगरी-कोळी लग्नातली विधीची गाणी, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. पुरोहिताइतकाच तिचा मान. हल्ली हळदीचा डीजे एवढा मोठा झालाय की ती कोपऱ्यात गेली. भाच्याने तिथल्या तिथे सांगितलं, “मावशी, तिला माइक मी देईन. कॉलर माइक लावतो, हात मोकळे राहतील.” त्या बाईंनी जाऊबाईंकडे बघितलं आणि पर्समधून हजार रुपये काढून बयाणा ठेवला. घासाघीस नाही.

दोन दिवसांत मी तिथे बसून जेवढी माणसं बघितली, त्यातल्या एकानेही “किती मोठ्याने वाजतं?” असं विचारलं नाही. नवरदेवाचे मित्र विचारतात, पण ते प्रदर्शनात येत नाहीत, आणि पैसे ते देत नाहीत. पैसे देणारे विचारत होते: वेळेवर येणार का, दारू पिऊन पोरं येणार का, लाइट गेली तर काय, सांगितल्यावर कमी करणार का. एका बापाने तर एवढंच विचारलं, “पोलीस आले तर बोलणार कोण? तुम्ही की मी?”

हा प्रश्न लाखमोलाचा आहे. कारण उत्तर दोघांनाही माहीत नसतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. लाऊडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर, तिथल्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे निवासी भागात हिशोब ६५ वर येतो. दोन माणसं जवळ उभी राहून साधं बोलतात ते साठच्या आसपास असतं, यावरून काय ते समजा. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट, प्रार्थनास्थळ यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल जुलै २००५ चा, आपल्या उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६ चा. २०१८ साली विसर्जनाच्या तोंडावर साउंड-लाइटवाल्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली होती, की आमच्या वस्तूवरच बंदी कशी? अंतरिम दिलासा मिळाला नाही. मर्यादा वस्तूची नाही, आवाजाची आहे. पण रस्त्यावर एवढी मोठी भिंत उभी केल्यावर ती ६५ मध्ये वाजणार कशी, हा साधा प्रश्न आहे आणि डीजेवाल्यांकडे त्याचं उत्तर नाही. माझ्या मते वरातीतल्या भिंतींचे दिवस संपले आणि संपायलाच हवे होते. भाच्याला हे मी तोंडावर सांगितलंय. तो रागावला, पण मागच्या सीझनला त्याने वरातीची एकही सुपारी घेतली नाही. आई खूश आहे.

बंद हॉलमधली गोष्ट वेगळी. रात्रीच्या बंदीतून सभागृहं, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागांना, आतल्या आत आवाजासाठी, नियमातच सूट आहे. पण आपल्याकडचे किती हॉल खरोखर बंदिस्त आहेत? तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला लॉन. पत्र्याचं छप्पर. त्याला बँक्वेट म्हणायचं आणि जबाबदारी डीजेवर टाकायची. तक्रार झाली की हॉलचा मॅनेजर गायब, यजमान जेवणाच्या पंगतीत, आणि मिक्सर जप्त कोणाचा? ज्याचे हप्ते बाकी आहेत त्याचा.

हॉलवरून आठवलं. प्रदर्शनाची गरज या पोरांना का पडते, हे मला त्या दोन दिवसांत समजलं. आधी वाटायचं, इन्स्टाग्राम आहे, रील टाकायचे, कशाला २६ हजार घालवतात? तर मित्रांनो, लग्नघरात निर्णय कुठल्या क्रमाने होतात ते बघा. आधी हॉल. मग जेवण. मग फोटोवाला, मेकअप, कपडे. डीजे सगळ्यांत शेवटी, उरलेल्या पैशात. आणि हॉल ठरतो त्याच दिवशी मॅनेजर सांगतो, “साउंड आमच्या पॅनेलचाच घ्यावा लागेल. बाहेरचा आणायचा तर रॉयल्टी भरा.” ही रॉयल्टी गाण्याची नाही बरं का. ही हॉलची. पाच हजार, दहा हजार, कुठे पंधरा, पावती मागू नका. पॅनेलवर जायचं तर प्रत्येक सुपारीमागे कमिशन. म्हणजे पॅनेलवर नसलेल्या पोराला लग्नघरातली माणसं, पैसे देणारी माणसं, समोरासमोर भेटतील अशी जागाच उरलेली नाही. प्रदर्शन ही ती एकच जागा. म्हणून तो पैसे भरतो आणि म्हणूनच आयोजक भाडं वाढवू शकतात.

अजून एक मेळा आहे. गोरेगावला नेस्कोत पाम एक्स्पो भरतो, साउंड आणि लाइटवाल्यांचा. भाचा दर वर्षी जातो. चर्चगेट लोकल पकडून सकाळी जातो आणि रात्री डोळ्यांत शार्पी लाइट घेऊन येतो. तिथे तो गिऱ्हाईक असतो, सगळे त्याला सर म्हणतात, ईएमआय समजावून सांगतात. इथे तो दुकानदार असतो आणि कोणी विचारत नाही. नेस्कोला मोठा बेस घ्यायचं ठरवून यायचं, आणि वसईत कळतं की गिऱ्हाइकाला छोटा हवाय. दोन मेळ्यांच्या मध्ये पोरगा सँडविच झालाय, आणि पैसे दोन्हीकडे त्याचेच.

वसईतला डीजेचा धंदा मुंबईसारखा नाही, हेही बाहेरून येणाऱ्या आयोजकांना कळत नाही. इथे डीजेवाल्याला दोन पंचांगं बघावी लागतात. एकीकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, धनुर्मासात थंड, मग पुन्हा, आणि एप्रिल-मे तुफान. चातुर्मासात शुकशुकाट. दुसरीकडे ख्रिस्ती गावांत आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्नं टाळतात, त्यामुळे नाताळानंतर झुंबड आणि मग ईस्टरनंतर. रमजानचा महिना तिसरा. हे सगळं ज्याला पाठ आहे तो वर्षाचे जास्त दिवस भरतो. शिवाय प्रत्येक घरची रीत वेगळी. एका घरी चर्चमधून ब्रास बँड येणार आणि हॉलच्या दारात डीजेने तो उचलून घ्यायचा. दुसऱ्या घरी बेंजो पार्टी आहे, तिच्याशी भांडायचं नाही. पूर्वेला बिल्डिंगमध्ये हळद असेल तर टेरेसवर लावायचं की नाही हे सोसायटीच्या सेक्रेटरीवर. हे ज्ञान कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही, आणि स्टॉलच्या बॅनरवरही ते दिसत नाही. बॅनरवर सगळ्यांच्या एकच: काळा गॉगल, हेडफोन, मागे धूर.

भाच्याला मी म्हटलं, तुझ्या बॅनरवर लिही, ‘सांगितल्यावर आवाज कमी केला जाईल’. तो हसला. म्हणाला, “मामा, बाकीचे चार जण माझी टर उडवतील.” मी म्हटलं, उडवू दे, आजीला वाचता येतं.

आणि कानाचं कोणीच बोलत नाही. गिऱ्हाइकाच्या सोडा, पोरांच्या स्वतःच्या. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं साधं कोष्टक आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी वरची मर्यादा सांगितली तीही सरासरी १००. आमचा भाचा मे महिन्यात ओळीने पंधरा-वीस रात्री स्पीकरच्या बाजूला पाच-पाच तास उभा असतो. वय २७. परवा चहा घेताना दोनदा “काय?” म्हणाला. बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही.

बरं, हिशोब राहिला. दोन दिवसांत वहीत २१४ नावं लागली. त्यातली निम्मी फोनच उचलत नाहीत. कित्येकांनी लकी ड्रॉसाठी नंबर दिलेला. सुपाऱ्या पक्क्या झाल्या तीन: १८ हजार, २५ हजार आणि ३५ हजार. एकूण ७८. टेम्पो, पोरं, डिझेल, हप्ता, घसारा काढून भाच्याच्या हातात शंभरातले ३५ राहतात असं तो म्हणतो. म्हणजे २७ हजार ३००. खर्च ३९ हजार. घाटा ११ हजार ७००. मग त्या आगरी बाईंच्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलीच्या हळदीला बोलावलं, आणि आजीच्या नात्यात एक रिसेप्शन मिळालं. २० आणि २२ हजार. त्यातले सुटले १४ हजार ७००. म्हणजे मे महिनाअखेर, आठ-नऊ महिन्यांनी, प्रदर्शनातून भाच्याला मिळाले तीन हजार रुपये.

तीन हजार. आणि मी लिहिलं होतं उदंड प्रतिसाद.

काही जण म्हणतील, धंदा आहे, जोखीम त्याची. मान्य. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी परवानगी होती, तेव्हाही हे लोक कोणाकडे रडत गेले नव्हते. कित्येकांनी टॉप विकले, कोणी रिक्षा घेतली, कोणी वालीवच्या गाळ्यात कामाला लागला. भाच्याने तेव्हा भाजी विकली. पण जोखीम घेण्यासाठी माहिती तरी खरी मिळायला हवी. एका धंद्याचे किती स्टॉल देणार हे लेखी सांगायला आयोजकाचं काय जातं? गेल्या वेळी किती लोक आले, हा आकडा गेटवर मोजता येत नाही? साउंडवाल्यांना दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटं मंचावर, माफक आवाजात, परवाना आयोजकांच्या नावाने घेऊन, वाजवायला दिलं तर कोणाचं बिघडतं? पनीरवालाही तेवढं सहन करेल.

आणि महापालिकेला एक विचारायचंय. ३ जुलै २००९ ला महापालिका झाली. डिसेंबरच्या शेवटी चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. बचतगटांच्या बायकांसाठी स्टॉल लागतात, उत्तम. मग आपल्याच शहरातल्या लग्नाच्या धंद्यातल्या लोकांसाठी, म्हणजे मंडपवाले, केटरर, फुलवाले, बँडवाले, मेहंदीवाल्या, डीजे, यांच्यासाठी पालिकेच्या एखाद्या सभागृहात वर्षातून दोन दिवस का नाही? तुळशीच्या लग्नाआधी, स्थानिकांना, दोन-तीन हजारांत टेबल. तिथेच एका टेबलावर पोलिसांचा एक माणूस बसवा, जो लाऊडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज कसा करायचा ते यजमानाला आणि डीजेला एकत्र सांगेल. आमचं पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० पासून आहे, माणसं कमी आहेत हे मला माहीत आहे, पण दोन दिवस एक माणूस. मे महिन्यात रात्री साडेदहाला गाडी पाठवण्यापेक्षा स्वस्त पडेल. हॉलवाल्यांची ती पावती नसलेली रॉयल्टी, तिच्याबद्दलही त्याच ठिकाणी कोणी विचारलं तर बरं होईल.

डीजेवाल्यांनीही थोडं स्वतःकडे बघावं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी डोळ्यांनी बघितलं, एकाने २५ सांगितलं की शेजारचा २० म्हणतो, तिसरा १५. पंधरात कोणाला काही सुटत नाही, हे तिघांनाही माहीत. करार कोणाकडे नाही. कार्डाच्या मागे पेनने तारीख लिहायची, झालं बुकिंग. उद्यम नोंदणी फुकट आहे, कामगार थोडेच असतील तर दुकान कायद्याखाली ऑनलाइन कळवायचं एवढंच आहे, तेही बहुतेकांनी केलेलं नाही. मग बँक मुद्रा कर्ज देताना नाक मुरडते आणि पोरगा खासगी फायनान्सकडे जातो. एका पानाचा करार करा हो. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, परवानगी कोण काढणार, आवाज कमी करा हे कोणी सांगायचं, पोलीस आले तर बोलणार कोण. त्या बापाच्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर असू दे.

माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. यंदाच्या प्रदर्शनाची बातमी रविवारी रात्री, दार बंद झाल्यावर पाठवायची. संपादकांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, “जाहिरात आहे आपल्याकडे.” मी म्हटलं, असू दे. बघू किती छापून येतं.

भाच्याला ‘घे’ किंवा ‘नको’ असं मी सांगितलं नाही. त्याच्या मोबाइलवरून आम्ही दोघांनी मिळून आयोजकांना मेसेज टाकला. डीजेचे एकूण स्टॉल किती देणार? मागच्या वर्षी गेटवर मोजलेली माणसं किती? आवाजाचा नियम काय आणि गाण्याचा परवाना कोणाच्या नावाने? अ‍ॅडव्हान्स भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

मेसेज काल सकाळी सव्वादहाला गेला. दोन निळ्या टिका दिसतायत.